जांभळीचा खुंटा

चप्पल घालून कोणी लॅबमधे पाय ठेवला की माझं टाळकं सरकतं. मग तो विद्यार्थी असो, प्राध्यापक असो, नाहीतर खुद्द प्राचार्य. गंगाखेडच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅबचा परिचर आहे, तीस वर्षं झाली, अन् तीस वर्षं मी एकच गाणं गातोय: चपला भायेर, हात कोरडे, अन् मशीन बंद करायचं तर रीतसर बंद करायचं, वायर उपटायची नाही. पोरं माझ्या मागं मला 'वायर बजरंग' म्हणतात. म्हणू द्या. माझ्या लॅबमधले पहिले कॉम्प्युटर अठरा वर्षं चालले, ते काय नुस्त्या नशिबानं चालले का?

पण मला माझं कौतुक सांगायचं नाही. मला माझ्या आईचं सांगायचंय. आपल्या आईबद्दल आपल्याला काहीच मालूम नाही, हे मला चौपन्नाव्या वर्षी कळलं, अन् तेबी भर वर्गात, चाळीस पोरांसमोर.

आईचं नाव केशरबाई. वय पंच्याऐंशी-शहाऐंशी. वडील जाऊन लय वर्षं झाली. माझ्या आधी तीन लेकरं झाली, तिन्ही पोरगेच, एकबी जगला नाही. मी एकटाच उरलो. आई म्हणजे मोजकं बोलणारं माणूस. पण एक गोष्ट ती दरसाली बोलायची. 'बजरंगा, राणीसावरगावच्या जत्रंला ने की मला.' धडधाकट होती तोवर गल्लीतल्या बायांसंग येष्टीनं जायची, देवीचं दर्शन घेऊन सांजच्याला परत यायची. मग गुडघे गेले अन् ती माझ्या गळ्यात पडली. पहिल्या साली तर नवं लुगडं नेसून, पिशवीत खोबऱ्याची वाटी घेऊन सकाळपासून दारात बसली होती. मी म्हणलं, 'आई, राणीसावरगावात आपलं कोण हाय? इथं दारात गोदावरी गंगा हाय, रोज हात जोड. खामखा हाडं खिळखिळी करून घ्यायची अन् मला बेजार करायचं.' अन् मी कॉलेजला निघून गेलो. ती 'बरं' म्हणाली. अशी बारा वर्षं ती विचारत राहिली अन् बारा वर्षं 'बरं' म्हणत राहिली. माझी बायको नीलम म्हणायची, 'न्या की एकदा, तुमचं काय झिजतंय?' तिलाबी मी उडवून लावायचो.

आता लॅबमधे या. चपला काढून.

मागल्या वर्षी मराठीच्या राजेश्री मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. परभणीहून रोज रेल्वेनं येणं-जाणं करणाऱ्या, अंगानं किडकिडीत, पण बोलणं ठाम. चपला न सांगता काढल्या म्हणून मी ऐकून घेतलं. म्हणाल्या, 'बजरंगभाऊ, बी.ए. दुसऱ्या वर्षाला आठवड्यातून तीन तास लॅब लागणार. ओव्या शिकवायच्यात.'

मला वाटलं माझे कान वाजायलेत. 'मॅडम, ओव्या जात्यावर म्हणतात. कॉम्प्युटरवर काय दळण दळणार?'

'दळणार. तुमीच बघा.'

प्राचार्य अण्णासाहेबांनी परवानगी दिली, पण टोमणा मारूनच. 'मराठीला कॉम्प्युटर म्हणजे धोतरावर टाय,' असं ते स्टाफरूममधे सगळ्यांसमोर म्हणाले. खोटं कशाला बोलू, मीबी हसलो होतो.

पहिल्या तासाला मी मुद्दाम मागं उभा राहिलो, फजिती बघायला. मॅडमनं पडद्यावर एक ओवी लावली. दोनच ओळी. त्यातले चार शब्द निळे अन् त्यांच्याखाली रेघ. 'माहेर' या शब्दावर माउस दाबला की दुसऱ्या गावातल्या बाईची माहेराची ओवी उघडायची. तिच्यात 'वाट' निळी. वाटेवर दाबलं की तिसरी ओवी. एक पोरगं वाटेवरून भावाकडं गेलं, दुसरं वाटेवरून बोरीच्या झाडाकडं गेलं, अन् दोघं दहा मिनिटांनी वेगवेगळ्या दोन बायांच्या दारात जाऊन बसले.

'पुस्तकात ओव्या एकाखाली एक छापलेल्या असतात,' मॅडम म्हणाल्या. 'एक, दोन, तीन, चार. पण दळणारी बाई अशी आकडे लावून गायची का? माहेर आठवलं की वाट आठवणार, वाट आठवली की भाऊ, भाऊ म्हणलं की त्याचा बैल. तिच्या मनात एकातून दुसरं निघत जातं. आपल्यालाबी तसंच वाचायचंय. या निळ्या शब्दाला म्हणायचं दुवा. अन् दुवे तुमी जोडायचे, मी नाही.'

तास संपला तेव्हा मलाच वाटलं, एवढ्यात संपला?

मग कामं वाटली. ज्यानं त्यानं आपापल्या गावच्या बायांकडून ओव्या आणायच्या, आवाजासकट. ऐकून टाइप करायच्या. अन् दुवा जोडला की त्याच्याखाली एक चौकट उघडायची, तिच्यात कारण लिहायचं. का जोडला? 'सुचलं म्हणून' चालणार नाही. या कारणाच्या चौकटीवरून लॅबमधे जी भांडणं झाली, ती मी आयुष्यात विसरणार नाही. मराठीच्या तासाला पोरं डुलक्या काढतात असं मला वाटायचं. इथं एकमेकांच्या अंगावर जायची वेळ आली. एकदा वरद नावाच्या पोरानं दोन ओव्या जोडल्या अन् कारण लिहिलं, 'दोघींची पहिली ओळ सारखी.' मॅडमनं तो दुवा खोडला.

'पहिली ओळ कोणाच्या मालकीची नसते, वरद. लेकीसंग सासरी जाते, या गावातून त्या गावात फिरते. सगळ्याजणी तीच उचलतात. बाईला स्वतःचं जे सांगायचं असतं ते ती दुसऱ्या ओळीत सांगते. दुसरी ओळ बघत जा.'

मी मागं उभा राहून मान डोलावली. जशी काय मला लय अक्कल होती.

याच दिवसांत मॅडमनं आवाज भरून घ्यायचं एक छोटं यंत्र मागवलं. पोरांच्या हातात देण्याआधी नीट चालतंय का बघायचं म्हणून मी ते घरी नेलं. आई अंगणात सूप घेऊन डाळ निवडत बसली होती. यंत्र तिच्यासमोर धरलं अन् म्हणलं, 'काहीतरी बोल.' 'काय बोलू?' 'काहीबी. ओवी म्हण.' तिनं सूप खाली ठेवलं, यंत्राकडं बघितलं अन् एक ओवी म्हणली. एकच. मी परत लावून बघितलं, आवाज स्वच्छ आला. बस्. मला आवाज बघायचा होता. शब्द कोण ऐकतं? फाईलला 'केशरबाई, गंगाखेड' असं नाव दिलं, अन् पोरांच्या फाइली चढवताना तीबी त्यांच्यासंग चढवून दिली. मॅडमनं ऐकून ती टाइपबी केली, मला पत्ता नाही.

वर्षाच्या शेवटी चारशेच्या वर ओव्या जमल्या. सोमवारी बाहेरून परीक्षक येऊन पोरांचं काम तपासणार होते, म्हणून आधीच्या गुरुवारी मॅडमनं सगळा वर्ग बसवला. त्या दिवशी त्यांनी शब्द घेतला खुंटा. जात्याची लाकडी मूठ, जिला धरून जातं ओढतात, तो खुंटा.

'खुंटा किती ओव्यांत आलाय ते शोधा. अन् कुण्या लाकडाचा, ते बघा.'

पोरांनी शोधलं. तीस-एक ओव्या निघाल्या. बाभळीचा, बाभळीचा, बाभळीचा. बरोबरच आहे, खुंटा बाभळीचाच असतो, चिवट लाकूड. फक्त दोन ओव्यांत होता जांभळीचा.

'ही पहिली ओळ फिरलेली नाही,' मॅडम म्हणाल्या. 'आपल्या चारशेत ती दोघींकडंच आहे. एक राणीसावरगावची, एक गंगाखेडची. भक्तीनं या दोघींचा दुवा जोडलाय, पण कारण लिहिलेलं नाही. ऐकू या.'

भक्ती म्हणजे राणीसावरगावची पोरगी. चप्पल घालून आत घुसण्यात वर्गात पहिला नंबर. रोज माझ्या शिव्या खाणारी. तिनं तिच्या आज्जीच्या ओव्या आणल्या होत्या, चतुराबाईच्या. तिनं बटण दाबलं अन् आज्जीचा भरड आवाज आला:

खुंटा गं जांभळीचा, माझ्या हाताला गार लागं
आई गेली कुण्या वाटं, जात्याला मी ठाव मागं

मी फडक्यानं एक मॉनिटर पुसत होतो. मग तिनं दुसरी फाईल लावली:

खुंटा गं जांभळीचा, माझ्या हाताला गार लागं
लेक निजली मांडीवर, हळू ओढिते, व्हईल जागं

फडकं हातातच राहिलं. तो माझ्या आईचा आवाज होता. मी भरलेला, मी चढवलेला, अन् पहिल्यांदाच कानावर पडत असल्यागत मी तो ऐकायलो होतो. सगळ्यात आधी वरद बोलला. 'मॅडम, दुसरी ओळ बघा म्हणाल्या होतात ना? एकीत लेक आईला शोधायलीय. दुसरीत आई लेकीला निजवायलीय. चालबी एकच हाय.'

मॅडमनं विचारलं, 'गंगाखेडच्या या केशरबाई कोण? कोणी आणलीय ही?'

'माझी आई,' मी म्हणलं.

'मग ही लेक म्हणजे तुमची बहीण?'

'मला बहीण नाही. मी एकुलता एक.'

काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, ते खरंय. पोरं गावोगाव हिंडून ओव्या आणत होती अन् माझ्याच अंगणातल्या ओवीत एक लेक निजली होती, जिचा मला पत्ता नव्हता. भक्ती जागेवरून उठली.

'मॅडम, माझी आज्जी तीन वर्षांची असताना तिचे वडील वारले. आईला तिच्या भावानं नेलं अन् पाट लावून दिला, म्हणजे दुसरं लगीन. आज्जी वडलांच्याच घरात राहिली, पुढं तिथंच घरजावई आणला. आज्जीची चुलती तिला म्हणायची, ही पहिली ओळ तुझ्या आईची हाय, पुढली मला याद न्हाई. मग पुढली ओळ आज्जीनं स्वतः जोडली. पण आज्जीच्या आईचं नाव रुख्मिणी होतं.'

'मग झालं की!' मी ओरडलोच. 'माझी आई केशरबाई हाय. कामून खामखा लोकांच्या घरात शिरायलेत?'

मॅडम हळूच म्हणाल्या, 'बजरंगभाऊ, पाट लागतो तेव्हा बाईचं नाव बदलतात.'

दुसरं काही सुचलं नाही. मी भिंतीपाशी गेलो अन् प्रोजेक्टरची वायर उपटून काढली. तीस वर्षांत पहिल्यांदा. पडदा काळा झाला, पोरं बघत राहिली, अन् मी माझ्याच चपला हातात घेऊन भायेर पडलो.

मॅडम मागून सायकल स्टँडपर्यंत आल्या. माझ्या तोंडाला तेव्हा काही धरबंद नव्हता. 'आमच्या घरची अब्रू पडद्यावर लावायला तुमाला लॅब दिली होती का?' असं बोललो मी त्यांना. त्या उलटून बोलल्या नाहीत. डोळे भरले होते.

'चूक माझी आहे. पडद्यावर लावायच्या आधीच केशरबाई कोण ते विचारायला पाहिजे होतं. बाया आहेत, नुस्ते शब्द नाहीत, हे मीच पोरांना सांगते अन् मीच विसरले. भक्तीला मी बजावलंय, घरी बोलायचं नाही. सोमवारपर्यंत कारणाची चौकट भरली नाही तर तो दुवा काढून टाकू, कोणाला काही कळणार नाही. पण काढायचा का ठेवायचा, ते तुमच्या आईनं ठरवायचं. मी नाही, अन् तुमीबी नाही.'

शेवटचं वाक्य मला लय झोंबलं. घरी आलो तर आई अंगणात बाजेवर बसली होती, मांडीवर सूप. मी उभ्याउभ्याच विचारलं, 'आई, रुख्मिणी कोण?'

सुपातले तांदूळ हलायचे थांबले. ती माझ्याकडं बघतबी नव्हती.

'कोण म्हणलं तुला?'

'म्हणजे खरं हाय तर.'

ती म्हणाली, 'बस.' मग जे सांगितलं ते तिनं खाली बघत, तांदळातले खडे काढत सांगितलं. पंधराव्या वर्षी तिला राणीसावरगावला दिलं. जात्याचा बाभळीचा खुंटा हाताला टोचायचा, फोड यायचे. नवऱ्यानं बांधावरच्या जांभळीची फांदी तोडून नवा खुंटा बसवला. 'सगळी आळी हसली त्येला. बायकूच्या हातासाठी खुंटा बदलणारा पयला गडी म्हणं.' मग चतुरा झाली. चतुरा तीन वर्षांची असताना नवऱ्याला शेतात पान लागलं, म्हणजे साप डसला, घरी आणेपर्यंत गेला. भाऊ न्यायला आला तेव्हा सासरा म्हणाला, पोरगी आमची हाय, ती जाणार न्हाई. अन् पाट लागलेल्या बाईचा पाय या घराला लागला तर उद्या पोरीला कोण करील? तिला देवीपुढं आन घ्यायला लावली. या घराचा उंबरा ओलांडणार न्हाई, अन् पोरीला आई म्हणून वळख देणार न्हाई.

'अन् जत्रंला जायचीस ते?'

'जत्रंची आन न्हवती घेतली,' आई म्हणाली. 'देवळाच्या पायरीवर बसायची. ती दर्सनाला यायची. समद्यांसंग तिच्याबी हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवायची. ती डोक्याला लावून जायची. वर्षाचं तेवढंच.'

मी संतापलो होतो, ते खोटं नाही. एवढी मोठी गोष्ट, अन् सख्ख्या पोराला सांगायची नाही? 'मला एका शब्दानं बोलली असतीस तर!' मी म्हणलं.

तिनं पहिल्यांदा वर बघितलं. 'तू म्हणायचास, तिथं आपलं कोण हाय. मग म्या काय बोलणार?'

नीलम दाराआड उभी राहून पदर तोंडात धरून रडायली होती. मी मोबाइल काढला, पोरांचं ते पान उघडलं अन् आईच्या कानाजवळ धरलं. चतुराबाईचा आवाज आला. आईनं सूप बाजूला सारलं अन् दोन्ही हातांनी माझा हात धरला.

'ही बोलायलीय? चतुरा?'

'हाव.'

'आवाज पयल्यांदा ऐकले बग मोठेपणीचा. दर्सनाला यायची तर गप यायची.' मग दुसरी ओळ आली, आई गेली कुण्या वाटं. आईनं ती ओळ ऐकली, परत लाव म्हणाली, मी लावली. किती बार लावली ते सांगता येणार नाही. ती ओळ ऐकून ती रडली नाही, पण तिचे ओठ प्रत्येक बारी तिच्यासंग हलायचे. शेवटी म्हणाली, 'बजरंगा, ने की मला.' नेहमीसारखंच. जसं काय मी याबी बारी नाही म्हणणार होतो.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली, ओळखीच्या माणसाची जीप केली, अन् आईला पुढं बसवलं. नवं लुगडं, मांडीवर पिशवी, पिशवीत खोबऱ्याची वाटी. मी मागं बसून विचार करायलो होतो: ती म्हातारी हिला वळखलंच नाही तर? हाकलून लावलं तर? सोडून गेलेली आई कोणाला पाहिजे असते? तासाभराचा रस्ता, पण संपता संपेना.

भक्ती दारातच होती. आमाला बघून तिनं तोंडावर हात घेतला. घर साधंच, पुढं शेणानं सारवलेला ओटा. आईला मी धरून ओट्यावर चढवलं. ती उंबऱ्याच्या अलीकडं थांबली अन् पिशवीतली खोबऱ्याची वाटी मांडीवर घेऊन तिथंच भिंतीला टेकून बसली. आत कोपऱ्यात जातं दिसत होतं, वापरात नसलेलं, पण पुसून ठेवलेलं, अन् त्याचा खुंटा हातानं गुळगुळीत झालेला. आई त्याच्याकडंच बघायली होती.

चतुराबाई पदराला हात पुसत भायेर आली. सत्तरीला टेकलेली, पाठीत वाकलेली. तिनं आईला बघितलं. मग त्या खोबऱ्याच्या वाटीकडं बघितलं. अन् मटकन खाली बसली. पहिलं वाक्य तिच्या तोंडून निघालं ते हे:

'तू तर मेलीस की गं.'

'आज्जी! असं काय बोलायलीस?' भक्ती ओरडली.

'मेली व्हती ही,' चतुराबाई तिला म्हणाली, पण नजर आईवरून काढली नाही. 'चुलतीनं मरताना मला सांगितलं, जत्रंत पायरीवर खोबरं देती ती तुझी आई हाय. गाव कुठलं ते सांगायच्या आत तिचा जीव गेला. म्या म्हणलं, येत्या जत्रंला पाय धरीन, गाव इचारीन, सोडणार न्हाई. अन् त्याच जत्रंला ही आली न्हाई. दिसभर पायरीवर बसून ऱ्हायले. त्याच्या पुढल्या सालीबी न्हाई. मग मनाला समजावलं, मेली. बारा वर्सं झाली, सर्वपित्रीला पत्र्यावर हिच्या नावानं पान ठेवायलेय, भावकीत कोणाला न सांगता.'

बारा वर्षं. त्याच जत्रंला. नवं लुगडं नेसून, खोबरं घेऊन, सकाळपासून दारात बसलेली माझी आई माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली, अन् 'बरं' म्हणतानाचं तिचं तोंड. इकडं ही पायरीवर बसून होती, तिकडं ती दारात बसून होती, अन् मधी मी होतो.

'ताई,' मी म्हणलं. हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा कोणालातरी म्हणत होतो. 'ती यायला निघाली होती. तयार होऊन बसली होती. मी आणलं नाही. मी नाही आणलं तिला.'

चतुराबाईनं माझ्याकडं नुस्तं बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

भक्ती हुंदके देत मोबाइल हातात घेऊन उभी होती. मॅडमनं सांगितलं होतं, आईनं ठरवायचं. पोरगी आईजवळ बसली अन् विचारलं, 'आज्जे, तुमच्या दोघींच्या ओव्या मी जोडल्यात. ठेवू का? ठेवल्या तर त्याच्याखाली कारण लिवावं लागतंय. काय लिवू?'

'ठेव. कारण मागून लिव,' आई म्हणाली. मग तिनं चतुराबाईचा हात ओढून घेतला, त्याच्यावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला, अन् हात सोडलाच नाही.

'पान ठेवायचीस, ते कावळा शिवायचा का?'

'लवकर न्हाई शिवायचा,' चतुराबाई म्हणाली. 'दरसाली उनं कलेपर्यंत वाट बघायला लावायचा. म्या म्हणायची, हिची काय इच्छा राहिलीय काय की.'

'कसा शिवल? म्या जिती व्हते इकडं.'

चतुराबाईच्या तोंडातून हसू निघालं का रडू, ते मला अजून सांगता येत नाही. आईनं डोळे पुसले अन् उंबऱ्याच्या आत, चुलीकडं बघितलं.

'बारा पानं वाढलीस अन् मला एकबी घावलं न्हाई. वाढ आता, भूक लागलीय. पण हितंच वाढ, उंबऱ्याभायेर. आन हाय मला.'